गाळा सोडताय? आधी मशीन, मग किल्ली



माझा स्वतःचा डीप फ्रीझर, मी स्वतःच्या पैशाने घेतलेला, दुसऱ्याच्या आईस्क्रीमने भरलेला मी या डोळ्यांनी बघितलाय. आणि मी काही करू शकलो नाही. आजचा विषय तिथूनच सुरू करू या.

माझा पहिला धंदा वेल्ह्यात होता. चहा, वडापाव, पाण्याच्या बाटल्या, कोल्ड्रिंक. तोरण्याला जाणारी मंडळी शनिवार-रविवारी यायची, तेवढ्यावर आठवडा निघायचा. एका मे महिन्यात नसरापूरला मोठा गाळा मिळाला, म्हणून मी वेल्ह्यातला सोडला. एकतीस तारखेला काउंटर, शेगडी, भांडी, खुर्च्या एका छोट्या हत्तीत भरल्या. फ्रीझर मावेना. मालकांना म्हटलं, "काका, दोन-चार दिवसांत येऊन घेऊन जातो." ते म्हणाले, "राहू दे की, काय घाई आहे." किल्ली त्यांच्या हातात दिली आणि निघालो.

दोन-चार दिवसांचे बारा दिवस झाले. नवीन दुकान लावायचं, पाऊस सुरू झालेला, टेम्पोवाला आज नाही उद्या म्हणतोय. परत गेलो तर गाळ्यात नवा माणूस. फ्रीझर चालू, वरती पोस्टर लावलेलं. तो म्हणाला, "मालकांनी गाळ्याबरोबर दिलाय." मालक म्हणाले, "अरे, भिंतीला भोकं पाडलीस, फरशी फुटली, लाईटबिल राहिलं. मला वाटलं त्या बदल्यात ठेवून गेलास." माझ्याकडे कागद शून्य. फ्रीझरचं बिलही सापडेना. अठ्ठावीस हजारांची वस्तू, शेवटी नऊ हजारांवर तडजोड झाली. तीही डिपॉझिटमधून बरंच कापल्यानंतर.

मला त्या काकांचा राग यायचा. आता येत नाही. कारण चूक किल्लीच्या क्रमात होती. किल्ली आधी गेली, मशीन नंतर जाणार होतं. तो क्रम उलटा हवा होता.

कायदा काय म्हणतो

गंमत म्हणजे कायदाही हेच सांगतो, आणि सव्वाशे वर्षांहून जास्त काळ सांगतोय. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२. त्यातलं कलम १०८, त्याचा पोटभाग (एच). साध्या मराठीत त्याचा अर्थ असा: भाडेकरूने जागेला जे काही जोडलं असेल, ते त्याला काढून नेता येतं. भाडेपट्टा संपल्यानंतरही नेता येतं. पण जागा त्याच्या ताब्यात आहे तोपर्यंतच, त्यानंतर नाही. आणि जागा जशी मिळाली होती तशी करून द्यायची.

"ताब्यात आहे तोपर्यंतच" हे शब्द दोनदा वाचा. ताबा म्हणजे व्यवहारात किल्ली. पायात बोल्ट मारून बसवलेली पीठगिरणी, भिंतीत बसवलेला एक्झॉस्ट, शटरची मोटर, एसीचं युनिट, हे सगळं किल्ली तुमच्याकडे असताना तुमचं आहे आणि काढता येतं. किल्ली दिल्यावर तुम्ही आधी मालकाच्या मर्जीवर आणि मग वकिलाच्या फीवर.

फ्रिज, मिक्सर, वजनकाटा, बॅटरी या सुट्या वस्तू आहेत, त्या जागेला जोडलेल्या नाहीत. त्या मागे राहिल्या म्हणून मालकाच्या होत नाहीत. माझा फ्रीझरही कायद्याने माझाच होता. पण "माझा आहे" असणं आणि "माझा आहे" हे दाखवता येणं यात जो फरक आहे ना, तो मला एकोणीस हजारांना पडला.

आता एक बारकावा. आपल्याकडे गाळ्यांचे करार बहुतेक अकरा महिन्यांचे, लिव्ह अँड लायसन्सचे असतात. तो भाडेपट्टा नव्हे, वापरण्याचा परवाना. त्याला भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ लागू होतो. त्याचं कलम ६३ म्हणतं, परवाना संपला की परवानाधारकाला जागा सोडायला आणि तिथे ठेवू दिलेलं सामान हलवायला वाजवी मुदत मिळाली पाहिजे. वाजवी म्हणजे किती दिवस? ते कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणूनच ते तुमच्या करारात लिहून घ्या. "मुदत संपल्यावर सामान हलवण्यास १५ दिवस" एवढी एक ओळ पुरते.

आणि करार आधीच झाला असेल तर आजच कपाटातून काढून वाचा. बऱ्याच छापील करारांत एक वाक्य दडलेलं असतं: परवानाधारकाने केलेलं सर्व फिटिंग मुदत संपल्यावर मालकाचं राहील. कलम १०८ मधले हक्क "करारात वेगळं ठरलं नसेल तर" या अटीवर आहेत. त्यामुळे अशा वाक्याखाली तुमची सही असेल तर मालक ते वाक्य पुढे करणार, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. ते वाक्य सही करण्याआधी खोडायचं असतं, नाहीतर त्यापुढे लिहायचं: "सोबतच्या यादीतील मशिनरी वगळून."

करार तोंडी असेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकाची. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध केलं नाही तर. हा कायदा जिथे लागू आहे तिथे ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. पण मी तुम्हाला खरं सांगतो, भोरमध्ये किंवा नसरापुरात एका फ्रीझरसाठी कोणी कोर्टात जात नाही. गावात उद्या परत त्याच माणसाचं तोंड बघायचं असतं. म्हणून कोर्टासाठी नव्हे, भांडण होऊच नये म्हणून कागद करायचा.

मशीन आत आणतानाच बाहेर काढायचा विचार

मशीन गाळ्यात येतं त्या दिवशी दहा मिनिटं काढा. मशीनच्या मागे किंवा तळाशी कंपनीची पट्टी असते, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर. त्या पट्टीचा फोटो, बिलाचा फोटो, आणि मशीन गाळ्यात ठेवलेलं दिसेल असा एक फोटो. हे तिन्ही मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: "काका, आज गाळ्यात हा फ्रीझर आणलाय, माझ्या नावाचं बिल सोबत." काका अंगठा दाखवतील. झालं. तो अंगठा तारखेसकट राहतो.

भोरच्या जुन्या बाजारपेठेत दुकान घेत असाल तर अजून एक. तिथल्या वाड्यांचे दरवाजे अरुंद, उंबरे उंच. लोक काय करतात, फ्रिज आधी आत घेतात आणि मग सुताराकडून काउंटर बनवून घेतात. सोडताना फ्रिज बाहेर काढायला काउंटर फोडायला लागतो. हसू नका, मी हे बघितलंय. टेप घ्या, दरवाजा मोजा, मग काउंटर ठोका.

न्यायचं, विकायचं, की ठेवायचं?

इथे बहुतेक नवे उद्योजक भावनेवर जातात. "माझं पहिलं मशीन आहे, मी नेणारच." तुमची भावना कळते मला. पण कागदावर मांडा.

समजा तीन वर्षं वापरलेला डीप फ्रीझर आहे. आकडे उदाहरणादाखल घेतोय, तुमच्या भागातले तुम्ही टाका. भंगारवाला देईल तीन हजार. जुन्या वस्तूंचा दुकानदार येऊन उचलून नेईल तर आठ हजार. आणि त्याच गाळ्यात येणारा नवा भाडेकरू, ज्याला उद्यापासून कोल्ड्रिंक विकायचंय, तो तेरा-चौदा हजार सहज देईल. का? कारण त्याच्यासाठी तो फ्रीझर जागेवर आहे, प्लगला लावलेला आहे, चालू आहे, समोर थंड बाटली निघतेय. त्याचा टेम्पो वाचला, हमाली वाचली, चार दिवस वाचले.

आता न्यायचा खर्च. पिकअप अडीच हजार, चढवायला-उतरवायला हमाली आठशे-हजार, नव्या जागी वायरमन पाचशे, जुन्या जागी भिंत-फरशी दुरुस्तीचे हजारभर. म्हणजे पाच हजार गेले. नवीन फ्रीझर अठ्ठावीसचा असेल आणि जुना जागेवर चौदाला जात असेल, तर न्यायचे पाच हजार वाचवून तुम्ही नव्यापासून फक्त नऊ हजार लांब आहात, आणि तोही वॉरंटीसकट. अशा वेळी मी विकेन. उलट पीठगिरणी, पिठाचं मशीन, चांगल्या कंपनीचा वजनकाटा, या वस्तू वर्षानुवर्षं टिकतात, त्या न्याव्यात.

जागेवर विकण्यात एकच अट आहे, तीच आपली मूळ अट. किल्ली तुमच्याकडे असताना सौदा झाला पाहिजे. किल्ली मालकाकडे गेली की नवा माणूस तुमच्याशी कशाला बोलेल? तो मालकाशी बोलेल आणि मालक म्हणेल, "आहेच आत, वापर." म्हणून गाळा सोडायची नोटीस देता त्याच दिवशी मालकांना विचारा, "पुढे कोणी बघितलंय का? माझं मशीन आहे, त्यांना दाखवू का?" मालकांनाही त्यात फायदा दिसतो, गाळा पटकन लागतो.

सौदा झाला की साध्या कागदावर तिघांची सही घ्या: तुमची, घेणाऱ्याची, मालकांची. मजकूर एवढाच: "अमुक कंपनीचा, अमुक मॉडेल, अमुक सिरीयल नंबरचा डीप फ्रीझर आज रोजी आहे त्या चालू स्थितीत रुपये इतक्याला विकला, रक्कम यूपीआयने मिळाली, यावर जागामालकांचा कोणताही हक्क नाही." रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा. मालकांची सही विसरू नका. ती घेतली नाही तर सहा महिन्यांनी नवा माणूस गाळा सोडताना तोच फ्रीझर परत वादात येतो आणि फोन तुम्हाला.

जीएसटी नंबर असेल आणि मशीन घेताना इनपुट क्रेडिट घेतलं असेल, तर विकताना कर भरावा लागतो. सीएला एक फोन करा, विकण्याआधी.

कर्जावर घेतलेलं मशीन असेल तर थांबा

हा भाग नीट वाचा, कारण आपल्यातले कितीतरी जण पीएमईजीपी, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम किंवा मुद्रा कर्जातून मशीन घेतात.

कर्जातून घेतलेलं मशीन सहसा बँकेकडे तारण असतं. वापरता तुम्ही, पण कर्ज फिटेपर्यंत बँकेला न विचारता विकता येत नाही, आणि जागा बदलली तरी बँकेला कळवावं लागतं. पीएमईजीपीमध्ये तर सबसिडीची रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते. युनिट चालू आहे का हे प्रत्यक्ष जागेवर येऊन बघतात, मग ती रक्कम कर्जात वळती होते. आता विचार करा. तुम्ही मार्गासनीच्या गाळ्यातलं मशीन नसरापूरला हलवलं, बँकेला सांगितलं नाही, आणि तपासणीला आलेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर मोबाईलचं दुकान दिसलं. काही हजारांच्या टेम्पोसाठी लाखभराची सबसिडी धोक्यात.

त्यात आणखी एक मेख आहे. पीएमईजीपीत ग्रामीण भागात सबसिडी २५ ते ३५ टक्के आणि शहरी भागात १५ ते २५ टक्के. ग्रामीण म्हणून मंजूर झालेलं युनिट उचलून शहरी हद्दीत नेलं, तर प्रश्न विचारले जाणार. भोरला नगरपालिका आहे, हे लक्षात असू द्या. हलवण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मॅनेजर साहेब तोंडी "चालतंय हो" म्हणाले तरी पोच घ्याच. साहेबांची बदली होते, पोच राहते.

याच अर्जाच्या दिवशी उद्यम नोंदणीतला पत्ता बदला, खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचंही बघा, कारण ती नोंदणी त्या जागेची असते. दुकानाचा विमा असेल तर कंपनीला नवा पत्ता कळवा. जुन्या पत्त्यावरच्या पॉलिसीवर नव्या गाळ्यातलं नुकसान मागायला गेलात तर हात हलवत परत याल.

हलवायचं ठरलं, तर कसं

वेल्हे तालुका, म्हणजे आता राजगड तालुका, तिथला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. जूनमध्ये उघड्या पिकअपमध्ये मोटर हलवणं म्हणजे वाइंडिंगमध्ये ओल घालून घेणं. मशीन हलवायचं तर मेअखेरच्या आत, नाहीतर दसऱ्यानंतर. पण धंद्याचं गणित उलटं आहे. गडावर जाणारी गर्दी पावसाळ्यातच जास्त, म्हणून तिकडचा दुकानदार जून ते सप्टेंबर गाळा सोडत नाही. आणि नवा माणूस गाळा शोधतो तो एप्रिल-मेमध्ये, हंगामाआधी. म्हणून जागेवर विकायचं असेल तर एप्रिल-मे सगळ्यात चांगला. त्याच महिन्यांत हलवायलाही कोरडं असतं. नोटीस मार्चमध्ये द्या.

फ्रिज आणि फ्रीझर आदल्या दिवशी बंद करा, बर्फ वितळू द्या, आतून पुसून दार थोडं उघडं ठेवा. गाडीत उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. आडवा न्यावाच लागला तर उतरवल्यावर उभा करून निदान चार-पाच तास, जमलं तर रात्रभर, तसाच ठेवा, मग प्लग लावा. उतरवल्या उतरवल्या चालू करून कॉम्प्रेसर घालवलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. आणि उभा फ्रीझर घेऊन पाबे घाटातून खानापूरकडे उतरायचं धाडस करू नका. अंतर कमी दिसतं, पण वळणं आहेत. मार्गासनीवरून नसरापूर, तिथून हायवे, हा रस्ता बरा.

एसी असेल तर मेकॅनिक बोलवाच. तो आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून घेतो, मग पाईप सोडतो. पाईप नुसता कापला तर गॅस हवेत जातो आणि नव्या जागी परत भरायचा खर्च येतो. तांब्याचा पाईप तुमच्या पैशाचा असेल तर तोही सोडवून घ्या, तो लोक विसरतात.

पीठगिरणीचा काँक्रीटचा पाया जातोच, त्याचे पैसे मनातून काढून टाका. नट सोडवा, मशीन उचला, वर राहिलेले बोल्ट ग्राइंडरने कापून जमीन सपाट करून द्या. दगड वेगळे काढून गोणपाटात गुंडाळून न्या. स्टार्टर आणि मेन स्विचचा डबा तुमचा असेल तर वायरमनकडून काढून घ्या, पण महावितरणच्या मीटरला आणि सीलला हात लावायचा नाही.

मीटर तुमच्या नावावर असेल तर महावितरणकडे पुरवठा कायमचा बंद करण्याचा अर्ज द्या. शेवटचं रीडिंग होऊन बिल वजा झालं की सुरक्षा ठेव परत मागता येते. मीटर मालकांच्या नावावर असेल आणि थ्री फेजसाठी लोड वाढवायचा खर्च तुम्ही केला असेल, तर तो पैसा परत मिळायचा नाही. तो गाळ्याला मिळाला. मात्र तो खर्च भाड्यात वळता करून घ्यायचा असतो सुरुवातीला, करार करताना, "पहिले तीन महिने भाडं निम्मं" अशा बोलीने. सोडताना मागितलं तर कोणी देत नाही.

ज्याचं काही होण्यासारखं नाही, जळालेला फ्रिज, मेलेली बॅटरी, ते गाळ्यात टाकून जाऊ नका. मालक उचलायचा खर्च डिपॉझिटमधून कापतात आणि ते बरोबरच आहे. बॅटरी नवीन घेताना जुनी दिली तर दुकानदार पैसे कमी करतो, तिचं तेवढंच करायचं.

शेवटचा दिवस

गाळा रिकामा करा, झाडून घ्या. भोकं सिमेंटने बुजवलेली, फरशी बघितलेली. मग मालकांना बोलवा आणि मोबाईलवर एक सलग व्हिडिओ काढा, शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत, मीटरच्या रीडिंगसकट. मालकही त्यात दिसू देत, बोलू देत. काही नुकसान असेल तर तिथल्या तिथे किती कापायचे ते ठरवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. एखादं मशीन खरंच दोन दिवस ठेवावंच लागलं, तर तेही लिहा: "फ्रीझर माझा आहे, अमुक तारखेला नेणार, तोपर्यंत एक किल्ली माझ्याकडे राहील, त्या दिवसांचं भाडं देतो." दोन दिवसांचं भाडं शे-दोनशे रुपये होतं. मी ते वाचवायला गेलो होतो.

डिपॉझिट हातात आलं, कागदावर सही झाली, मशीन गाडीत चढलं, मग किल्ली द्या.

नसरापूरचा गाळा मी पुढे सोडला तेव्हा दुसरा फ्रीझर समोरच्याला जागेवरच दिला, तीन सह्यांच्या कागदासकट. तो अजून चालतोय. परवा तिथून जाताना त्यातलीच ताकाची पिशवी घेऊन प्यायलो.